भारवाचन

आमच्या आत्याबाई गेल्या तेव्हा मी रडले नाही, आणि हे मी कोर्टातही सांगितलं. वकिलांनी कपाळाला हात लावला. त्यांना वाटलं होतं, मी पदर डोळ्याला लावीन, निदान आवाज तरी कातर करीन. पण दहाएक वर्षं ज्या बाईला मी रोज उचलून बसवलं, पुसलं, कुशीवर वळवलं, तिनं एकदाही ‘दमली असशील, बस जरा’ म्हटलं नव्हतं. तिच्यासाठी मी खोटं रडणार नव्हते. मला घर हवं होतं. आणि घराहूनही जास्त, हे सगळं हर्षदानं केलं, एवढं कुणीतरी चारचौघांत म्हणायला हवं होतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सुमित्रा शेटे. कऱ्हाडात विद्यानगरला त्यांच्या नावावर बंगला. खाली आम्ही, वर थोरले दीर राजशेखर आणि जाऊ तेजस्विनी. तिला मी अक्का म्हणते, म्हणावं लागतं म्हणून. आत्याबाई न्हाणीघरात घसरल्या, कमरेखालून लुळ्या पडल्या आणि आमच्याकडच्या खोलीत आल्या त्या शेवटपर्यंत. पडल्यानंतर वर्षभरात त्यांनी मृत्युपत्र केलं, डोकं अगदी ताळ्यावर असताना. त्यात लिहिलं होतं, ज्या सुनेनं अंथरुणातलं माझं केलं तिला घर. नाव कुणाचंच नाही.

नाव विसरून राहिलं असं मला कधीच वाटलं नाही. मला म्हणायच्या, “हर्षदा, तुझंच आहे गं सगळं.” अक्का संध्याकाळी पावडर-टिकली करून खाली यायची, पाय चेपल्यासारखं करायची, पाच मिनिटांत वर पळायची. तिलाही त्या हेच म्हणत असणार. दोन सुनांना आयुष्यभर टांगून ठेवायला तेवढं वाक्य पुरलं.

त्यांचे दिवस उरकले आणि अक्कानं दावा लावला. म्हणे केलं तिनंच, मी नुसती खालच्या मजल्यावर राहत होते. साक्षी सुरू झाल्या. शेजारचे निम्मे तिच्याकडून बोलले, निम्मे माझ्याकडून. कामवाल्या शेवंताबाईंनी दोन्ही बाजूंनी साक्ष दिली आणि दोन्ही वेळा शपथ घेतली. आमच्या ह्यांना, शशिकांतना, उभं केलं तर म्हणाले, “मी दिवसभर दुकानात असतो. घरात कोण काय करतंय ते मला कसं दिसणार?” भांड्यांचं दुकान दोघा भावांचं सामाईक. थोरल्याला दुखवायचं नाही म्हणून बायकोला तोंडघशी पाडलं. त्या दिवशी मी घरी येऊन स्वयंपाक केला नाही. त्यांनी बाहेरून मिसळ आणली आणि एकटेच खात बसले.

न्यायाधीश बाई तरुण होत्या. खोटं ऐकून ऐकून त्यांचे कान किटले असावेत. एक दिवस दोन्ही वकिलांना थांबवून त्या म्हणाल्या, “दोघींचंही भारवाचन करून घ्या. माणसं पुरे झाली.”

भारवाचन, म्हणजे हाडांवर पडलेला भार वाचायची तपासणी, तेव्हा आमच्याकडे नवं होतं. हाड कुणाचं मोडायला आलंय हे आधी कळावं म्हणून डॉक्टरांनी ते काढलं. मग मार्केट यार्डातल्या हमालांच्या नुकसानभरपाईला ते लागू झालं, त्यानंतर खाणकामगारांना. कोर्टात दोन जावांच्या भांडणात त्याचा वापर व्हायची ही पहिलीच वेळ होती. मला हायसं वाटलं. निदान हाडांना तरी दुकान सामाईक नव्हतं.

कोल्हापूरला आम्हा दोघींना एकाच दिवशी बोलावलं. अक्का गाडीतून आली, मी एसटीनं. तपासणाऱ्या डॉक्टर वृंदा कारेकर, पन्नाशीच्या, कुणाशी गोड बोलायची सवय नसलेल्या. यंत्रात झोपवण्याआधी त्यांनी आम्हाला समोर बसवून काय करणार ते सांगितलं.

“हाड आतून भरीव नसतं. आत बारीक बारीक काड्यांची जाळी असते. जुन्या तपासण्या हाडात कॅल्शियम किती आहे ते मोजायच्या. पण सारख्याच सुतात एक घट्ट चादर निघते आणि एक विरविरीत मच्छरदाणी. सुताचं वजन करून काय कळणार? वीण बघावी लागते. स्कॅनमधला प्रत्येक ठिपका करडा असतो, कुठं गडद, कुठं फिका. शेजारच्या ठिपक्याशी तो किती जुळतो, कोणत्या दिशेनं जुळतो, किती अंतरावर जुळेनासा होतो, हे यंत्र लाखो ठिकाणी तपासतं. त्यावरून विणीचा पोत कळतो.”

“आणि त्यावरून सासूचं कुणी केलं ते कळतं?” मी विचारलं.

“सासू कळत नाही. भार कळतो,” त्या म्हणाल्या. “हाड जिवंत असतं. ज्या दिशेनं भार येतो त्या दिशेच्या काड्या जाड होत जातात, बिनकामाच्या झडतात. दहा वर्षं उचललंत, तर हाड दहा वर्षं स्वतःला त्या उचलण्यासाठी बांधत राहतं.”

ऐकून मला इतका आनंद झाला की त्या यंत्रात मी अगदी शहाण्या मुलीसारखी पडून राहिले. कमरेचे मणके घेतले, दोन्ही मनगटं घेतली. परत येताना एसटीत मी मनातल्या मनात वरच्या मजल्यावरचे पडदे बदलत होते.

तपासणीचा अहवाल आला. मणक्यांवर पडलेल्या भाराचा जो आकडा ते काढतात, तो अक्काचा माझ्या जवळजवळ दुप्पट. तिची वीण घट्ट, सरळ, उभ्या भाराची. माझी विरलेली. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं की दीर्घकाळ वजन उचलल्याच्या खुणा तेजस्विनी शेटे यांच्या हाडांत ठळक आहेत.

कारण मला त्याच क्षणी कळलं. अक्का गेली आठ-नऊ वर्षं लेडीज जिमला जाते! पहाटे टाइट कपडे घालून स्कूटरवरून जायची. तिथं लोखंडी बार जमिनीवरून उचलायचा, खाली ठेवायचा, परत उचलायचा. त्याचे व्हिडिओ काढून पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकायची. मी खाली आत्याबाईंना उचलत असायचे, तेव्हा ती पैसे भरून लोखंड उचलत होती. आणि हाडाला काय, वजन ते वजन.

जिन्यात ती मला आडवी आली. गालातल्या गालात हसत होती.

“बघितलंस? हाडं खोटं बोलत नाहीत.”

“तुझी हाडं बोलली अक्का, पण ती लोखंडाबद्दल बोलली.”

“ते कोर्टाला सांग की. कुठं लिहिलंय लोखंड म्हणून? आणि तू एवढं उचललंस म्हणतेस, तर तुझ्या हाडांत का दिसत नाही? सांग की.”

मी तिला वळसा घालून खाली आले. त्या रात्री झोप लागली नाही हे वेगळं सांगायला नको. मला तिचा राग आला, डॉक्टरांचा आला, ह्यांचा तर होताच. पण सगळ्यात जास्त राग आला तो स्वतःच्या अंगाचा. एवढं राबवून घेतलं त्याला आणि ऐनवेळी त्यानं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मी वकिलांना न विचारता कोल्हापूर गाठलं. डॉक्टर कारेकर जेवायला उठत होत्या. मी दारातच उभी राहिले.

“तुमचं यंत्र खोटारडं आहे.”

“यंत्राला खोटं बोलता येत नाही, अर्धवट बोलता येतं,” त्या म्हणाल्या. डबा परत बंद केला. “तुमची गर्भपिशवी काढलीय का?”

“चाळिशीच्या आधीच. का?”

“आणि दमा? गोळ्या घेता?”

“थंडीत घ्याव्या लागतात. पांढऱ्या, बारीक.”

“स्टेरॉइड. पिशवीबरोबर बीजकोशही काढले असतील तर हाडाचं संरक्षण गेलं, आणि वरून ह्या गोळ्या. हाड बांधलं जात होतं त्याहून जास्त झडत होतं. तुम्ही उचललं नाही असं नाही. उचललेलं टिकलं नाही.”

मग त्यांनी माझी चित्रं पडद्यावर लावली. मणके सोडून दिले आणि दोन्ही मनगटं शेजारी शेजारी ठेवली. एकदा डावं मोठं करून बघितलं, एकदा उजवं.

“तुम्ही डावखुऱ्या आहात?”

“नाही. लाटणं उजव्यानं, झाडू उजव्यानं, सगळं उजव्यानं.”

“मग डाव्या मनगटाची वीण उजव्यापेक्षा घट्ट कशी? उजव्या हाताच्या माणसाचं नेहमी उलटं असतं. आणि मणक्यांतही बघा, ज्या काड्या उरल्यात त्या तिरप्या आहेत, एकाच बाजूला कललेल्या. तुमच्या जाऊबाईंच्या दोन्ही बाजू एकसारख्या आहेत. तुम्ही काय उचलत होता, आणि कसं?”

मी सांगितलं. खोली लहान. खाट एका भिंतीला लागून, कारण दुसऱ्या भिंतीला दार आणि न्हाणीघर. आत्याबाईंचं डोकं दक्षिणेला. मी कितीदा म्हटलं, खाट फिरवू, डोकं त्या टोकाला करू, म्हणजे मला उजवा हात वापरता येईल. त्यांनी आरडाओरडा केला. “उत्तरेला डोकं मेलेल्याचं करतात. माझ्या मरणाची वाट बघतीस होय गं?” मग रोज डावा हात त्यांच्या मानेखाली घालायचा, उजवा गुडघ्यांखाली, आणि धडाचं सगळं वजन डाव्यावर घेऊन उठवायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि मध्ये त्यांना वाटेल तेव्हा.

डॉक्टर कारेकर पहिल्यांदाच खुर्चीत नीट टेकून बसल्या.

“जिममध्ये बार दोन्ही हातांनी धरतात,” त्या म्हणाल्या. “दोन्ही बाजूंना सारखा भार. असा डावीकडे कललेला पोत जिममध्ये तयार होऊच शकत नाही. मला पहिल्याच वेळी दोन बाजूंची तुलना करायला हवी होती. कोर्टानं एकूण भार विचारला, मी एकूण भार दिला.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याबाई गेल्या तेव्हा आलं नव्हतं, ते आत्ता एका अनोळखी बाईच्या डब्यासमोर आलं. कुणीतरी म्हणालं होतं की हे खरं आहे.

“मग तसं लिहून द्या.”

“देईन. पण एक ऐका. पुरवणी अहवाल दिला की मणक्यांची सगळी चित्रं त्याच्याबरोबर जातात. त्यात तुमची वीण कुठवर गेली आहे ते कुणालाही दिसेल. हे दोन मणके बघा. जोरात शिंक आली तरी दबून बसतील अशी अवस्था आहे. फार तर वर्ष, दीड वर्ष निघेल. औषध सुरू करा, पण गेलेल्या काड्या परत येत नाहीत. कोर्टातलं कागदपत्र कुणापासून लपत नाही. विमावाले बघतात, नातेवाईक बघतात. उद्या तुमचं करावं लागणार आहे हे सगळ्यांना आज कळेल. घर मिळवाल, पण त्या घरात तुमच्या जवळ कोण येईल त्याचा विचार करा. नाही तर हा अहवाल मागू नका. पोरंबाळं असतील त्यांच्याकडं जा, गप राहा, निदान कुणी आधीपासून अंग चोरणार नाही.”

मला विचार करायला वेळ लागला नाही. आता कुणी म्हणेल की लागायला हवा होता. पण जिन्यातलं अक्काचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर होतं.

“द्या लिहून,” मी म्हटलं.

कोर्टात ती चित्रं मोठ्या पडद्यावर लावली. डॉक्टर कारेकर काठीनं दाखवत होत्या, न्यायाधीश बाई पुढं वाकून बघत होत्या. अक्काच्या वकिलांनी विचारलं की ही बाई डाव्या हातानं पाण्याची कळशी उचलत नसेल कशावरून. डॉक्टर म्हणाल्या, कळशी खाली ओढते, तिची वीण वेगळी. पुढं वाकून, एका हातावर माणसाच्या धडाएवढं वजन घेऊन, अंग वळवत वर उठल्याशिवाय ही वीण येत नाही. मग न्यायाधीश बाईंनी मला खाट कशी होती ते विचारलं आणि मी उभी राहून हवेत हात घालून दाखवलं. सगळं कोर्ट बघत होतं. ह्यांनी मान खाली घातली.

घर माझं झालं. निकालात लिहिलं की अंथरुणातलं हर्षदा शेटे यांनी केलं हे निःसंशय सिद्ध होतं. ती ओळ मी वकिलांकडून दोनदा वाचून घेतली.

बाहेर व्हरांड्यात अक्का माझ्याजवळ आली. हसत नव्हती. मला वाटलं, रडेल किंवा शिव्या देईल. तिनं माझ्या पाठीकडं बघितलं, खालपासून वरपर्यंत, जणू पडद्यावरचे मणके तिला अजून दिसत होते.

“घे घर. जिंकलीस,” ती म्हणाली. “आता तुझं कोण करणार ते बघ.”

राजशेखर भावजींनी दुकान वेगळं केलं आणि ते लोक मलकापूरच्या बाजूला राहायला गेले. ह्यांनी त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलायचं ठेवलं. ते रिकामं घर मात्र मला फार आवडायचं. मी वरच्या मजल्यावर जायचे, खोल्यांतून हिंडायचे, अक्काच्या कपाटांची दारं उघडून परत लावायचे. एका दुपारी तिथली खिडकी अडकली होती. मी दोन्ही हातांनी ओढली. खिडकी उघडली नाही. पाठीत कट् आवाज झाला आणि मी जिथं होते तिथंच खाली बसले.

दोन मणके एकदम बसले होते. पाठीला पट्टा, अंथरूण, पुढचं पुढं. ह्यांनी चार दिवस चहा करून दिला आणि पाचव्या दिवशी हात वर केले. “माझ्यानं तुला उठवणं व्हायचं नाही. शौर्यला बोलावतो.”

शौर्य माझा मुलगा, पुण्यात असतो. त्याचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. बायको तनिष्का, हडपसरची, बोलायला चटपटीत, घरूनच काम करणारी. मला वाटलं होतं, शौर्य एकटाच येईल, एखादी बाई लावून देईल आणि जाईल. दोघंही आले, बॅगा घेऊन आले. तनिष्कानं आल्या आल्या हात धुतले, केस वर बांधले आणि माझ्या खाटेशी खुर्ची ओढून बसली.

“आई, आधी एक सांगते. रागावू नका.”

“सांग.”

“मी परवा भारवाचन करून घेतलं. दोन्ही मनगटं, सगळे मणके. आज माझी हाडं कशी आहेत त्याची नोंद करून ठेवलीय, सही-शिक्क्यानिशी. इथून पुढं जो फरक पडेल तो इथला असेल.”

मला समजायला थोडा वेळ लागला. मग अंगाचा नुसता तिळपापड झाला. उठता येत असतं तर मी उठून बाहेर गेले असते.

“म्हणजे माझं करायच्या आधीच तू साक्षीदार उभा करून आलीस?”

“आई, पुण्यात सगळ्याच करतात,” शौर्य मध्येच म्हणाला. “तुझ्याच केसनंतर सुरू झालं हे. लॅबवाले त्याला सूनबाई पॅकेज म्हणतात.”

“तू गप,” तनिष्का त्याला म्हणाली. मग माझ्याकडं वळली. आवाज चढला नव्हता. “तुम्ही सगळं केलंत आणि मग सिद्ध करायला निघालात. किती हाल झाले तुमचे. नवरासुद्धा बोलला नाही तुमच्या बाजूनं. मी तुमचं करीन आई, व्यवस्थित करीन. पण उद्या कुणी मला ‘तू काय केलंस’ विचारलेलं मी ऐकून घेणार नाही. ह्याच्याकडूनसुद्धा नाही.”

शौर्यनं भिंतीकडं बघितलं. त्याचं तोंड त्या क्षणी त्याच्या बापासारखं दिसलं, आणि मला तिचा आलेला राग मध्येच अडकला. मला ती आवडलीही नाही आणि खोडून काढावं असंही तिच्या बोलण्यात काही सापडेना. माझ्याकडं एवढी अक्कल असती तर मीही आत्याबाईंना हात लावायच्या आधी कोल्हापूरला गेले असते. पण त्या काळी सुनेनं प्रेमानं करायचं असतं असं सगळे म्हणायचे, आणि मी रागानं केलं तरी ते प्रेमाच्याच खात्यात जमा व्हायचं.

“चला, जेवायच्या आधी तुम्हाला बसवते,” ती म्हणाली.

ती वाकली. एक हात पाठीखाली गेला, एक गुडघ्यांखाली. हात थंडगार होते, नुकतेच धुतलेले. तिनं श्वास रोखून मला वर घेतलं आणि तिच्या मानेची शीर ताणलेली मला अगदी जवळून दिसली. मला तिच्यासमोर लाज वाटली, तिची कीव आली, आणि कुठंतरी तिला त्रास होतोय याचं बरंही वाटलं.

“जड आहे ना गं मी?” मी विचारलं.

“जड आहात तेच बरं आहे, आई,” ती धापा टाकत म्हणाली. “हलक्या असता तर हाडांत काही उमटलंच नसतं.”

मी अंग सैल सोडलं आणि सगळा भार तिच्यावर टाकला.